भाऊंची शैली

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले आमचे भाऊ बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. फोटो बरे यायला लागले, तिथेच घोटाळा झाला. कुणीतरी म्हणालं, "छान आहेत हो, पण हे कोणीही काढले असते." तेव्हापासून भाऊ स्वतःची शैली शोधून राहिले आहेत.

सुरुवात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सपासून. ॲडम्सने फ्रेड आर्चरच्या साथीने उजेडाचे गडद काळ्यापासून पांढऱ्याफेक रंगापर्यंत अकरा विभाग पाडले, हे वाचून भाऊ ऐन मे महिन्यात नवा रायपूरच्या माळावर गेले. छत्तीसगडच्या मे महिन्यात विभाग दोनच, ऊन आणि सावली. सावली एकाच बाभळीची होती आणि तिच्यात आधीच म्हशी बसलेल्या. "बाकीचे नऊ कॅलिफोर्नियातच राहतात," असा निष्कर्ष काढून भाऊ लालबुंद होऊन परतले. वहिनींनी न बोलता पन्हं पुढे केलं.

मग रघुबीर सिंग. या थोर माणसाने अँबॅसडरच्या दारा-खिडक्यांच्या चौकटीतून भारत टिपला. त्या फोटोंचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 2002 मध्ये निघालं. भाऊंकडे वॅगनआर. तिच्या चौकटीतून केशकालचा घाट टिपला, त्यात वायपर, साईबाबा आणि वहिनींचं कोपर एवढं आलं. घाट कोपराच्या मागे होता.

खरा साक्षात्कार झाला तो काळ्या काचेचा. ही काच भिंगापुढे लावली की उजेड हजारपट कमी होतो. पाव सेकंदाच्या फोटोला चार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पाणी रेशमासारखं गुळगुळीत होतं आणि हलणारी माणसं चित्रातून चक्क नाहीशी होतात. निवृत्त बँक अधिकाऱ्याला याहून मोठं सुख कुठलं? भाऊ तडक तीनशेहून जास्त किलोमीटर गाडी हाणत चित्रकोटच्या धबधब्यावर पोचले. पण भर पावसाळ्यातली इंद्रावती लाल मातीने गढुळलेली असते. चार मिनिटांनी पडद्यावर रेशीम नाही, शंभर फुटांवरून ओतलेला चहा उमटला. सेल्फीवाली गर्दी मात्र खरोखरच पुसली गेली होती. काठावरच्या दगडावर डबा मांडीवर घेऊन बसलेली एक बाई तेवढी ठसठशीत उरली होती.

"तुम्ही कशाला मध्ये आल्या?"

"मी कुठे आले? तुम्हीच इथे बसवलं. हलू नका म्हणाले."

यापुढचे सगळे फोटो मी पाहिले आहेत. गंगरेल धरणाचं अथांग पाणी, राजीमच्या संगमावरची कुलेश्वराची पायरी, तेलीबांध्याची पहाट. सगळीकडे ढग वाहून गेलेले, पाणी धुकं झालेलं, लोक गायब. आणि कोपऱ्यात वहिनी. कधी डब्यासह, कधी स्वेटर विणताना (हात गायब, स्वेटर अर्धा), बऱ्याचदा नुसत्या कंटाळलेल्या. कंटाळलेलं माणूस किती स्थिर असतं, हे मला त्या फोटोंनी शिकवलं. बूढा तालावाचा फोटो तर मी मागून घेऊन घरात लावलाय. ज्या बूढापाऱ्यात 1877 च्या सुमारास कोवळा नरेंद्र वडिलांकडे राहायला आला, त्याला लागून असलेलं हे तळं. मधोमध ध्यानस्थ विवेकानंदांचा उंच पुतळा. भल्या सकाळी फिरायला येणारं अख्खं रायपूर त्या चार मिनिटांत काठावरून गेलं आणि विरलं. फोटोत उरले दोघंच, विवेकानंद आणि वहिनी. समाधी कोणाची जास्त गाढ, हे सांगणं कठीण आहे.

गणपतीत भाऊंनी चित्रं मांडली. खाली नाव लावायचं राहून गेलं होतं. तरी दारातूनच एक पोरगा ओरडला, "अरे, हे तर वहिनीवाले काका!" भाऊंना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नाव न वाचता ओळखलं होतं, आणि ते रात्रभर झोपले नाहीत. संगणकावर बसून त्यांनी एकेका चित्रातून वहिनींना अत्यंत सफाईने काढून टाकलं. पहाटे सगळी चित्रं ओळीने लावून पाहिली. कोणीही काढली असती.

मग सकाळी पुन्हा घातलं. त्याला दुप्पट वेळ लागला म्हणे.

आता भाऊ शैलीबद्दल बोलतात तेव्हा आवाज जरा खालच्या पट्टीत असतो. "आकाराला एक आधार लागतो," असं काहीतरी म्हणतात. आधाराचा भाव मात्र वधारला आहे. खुर्ची पाठीची हवी, साडी वहिनी निवडणार, डबा भाऊंनी भरायचा. परवा मी गेलो तेव्हा सिरपूरची बोलणी चालू होती. सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर, जानेवारीचं धुकं, समोर चार मिनिटं. भाऊंच्या डोळ्यांत चित्र तयारच होतं.

"चलता ना मग?" भाऊंनी इतक्या अदबीने विचारलं की मीच ओशाळलो.

वहिनींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. "येते. पण आधीच सांगून ठेवते, या खेपेला मी हलणार."