तीनशे डीपीआयचा खलनायक

भाऊबीज झाली की वडशात रात्री झोपणारा माणूस संशयास्पद ठरतो. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांची कार्यालयं इथली, कलावंतांचा मुक्काम इथला, तारखा पक्क्या करायला गावोगावची मंडळं येतात तीही इथेच. होळीपर्यंत मंडई, शंकरपट आणि त्यांच्या जोडीनं पहाटेपर्यंत चालणारी नाटकं. नाटक आलं की फ्लेक्स आला, आणि फ्लेक्स आला की तो माझ्या बोकांडी.

ज्वाळांमध्ये नाटकाचं नाव, वर हात जोडलेले निर्माते, मधोमध नायक-नायिका, कोपऱ्यात लावणीवाली, डोळे वटारलेला खलनायक आणि खाली गोल चौकटींत उरलेला संच, ऑर्गनवाल्यासकट. प्रत्येक चेहरा वेगळ्या लेयरवर. नायिकेची पापणी सरळ करायला जावं, तर कर्सरचं निळं चक्र फिरायला लागे. निर्माते दारातूनच विचारत, "का जी, अजून फिरूनच राहिला का?"

वडशात मी कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो. ही समजूत मीच पसरवलेली असल्यामुळे मदत कुणाला मागणार? आधी रिफ्रेश. त्यानं पडद्यावरची चिन्हं फक्त पुन्हा रंगवली जातात, वेग वाढत नाही, हे मला ठाऊक आहे. पण देवळासमोरून जाताना हात छातीशी जातोच. मग रॅम आठची सोळा जीबी केली. घरी सांगितलं, मशीन दुरुस्त केली. रॅम कमी पडली की फोटोशॉप आपला पसारा स्क्रॅच डिस्कवर टाकतं. माझी स्क्रॅच डिस्क म्हणजे लग्नांच्या फोटोंनी गळ्यापर्यंत भरलेली जुनी हार्ड डिस्क. ती रात्रभर कुरकुरायची. एसएसडी आणली, कुरकुर बंद झाली, निळं चक्र मात्र शांतपणे फिरत राहिलं.

शिवाय हिस्टरी स्टेट्स मी हजारावर नेऊन ठेवले होते. सॉफ्टवेअर पन्नास देतं. पण माझ्यासारख्या माणसाला पन्नास पावलं मागे जाऊन भागत नाही.

एकदा फोटोशॉपनं फाइल पीएसडीमध्ये ठेवायलाच नकार दिला. एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढे पीएसडी जात नाही, पीएसबी करावी लागते. मला काळजी वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. इतकं मोठं काम या भागात कोण करतंय!

तो अभिमान घेऊन छपाईला गेलो. माझी फाइल उघडताना तिथलंही मशीन अडकलं, तेव्हा तर छाती आणखी फुगली. मशीन चालवणाऱ्या पोरानं आकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तीनशे डीपीआय काहाले?"

"क्वालिटी," मी म्हणालो.

"वीस बाय दहाचा फ्लेक्स लोकं गाडीवरून पाहतात जी. भिंग लावून नाही पाहात."

तीनशे डीपीआय, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके, हातात धरून वाचायच्या छपाईसाठी. लग्नाच्या अल्बमची सवय मी थेट चौकात नेऊन टांगली होती. वीस फूट म्हणजे ७२,००० पिक्सेल, दहा फूट म्हणजे ३६,०००. छपाईच्या चार रंगांत एका पूर्ण लेयरला दहा जीबीच्या वर. बहात्तर डीपीआयला तोच लेयर सहाशे एमबीच्या आत. म्हणजे सोळा जीबीच्या मशीनला मी खलनायकाच्या मिशीचा एकेक केस पाठ करायला लावत होतो.

आता फाइल क्षणात उघडते, आणि खरा छळ तिथून सुरू झाला. चेहरा बदलायला वेळ लागत नाही हे सगळ्या कंपन्यांना कळलं. खलनायकाला आपला फोटो नायकाएवढा हवा, लावणीवालीला कोपरा नको, ऑर्गनवाल्याला गोल चौकट चालत नाही, आणि निर्मात्यांचे केस दर खेपेला आणखी काळे करायचे. पूर्वी 'कॉम्प्युटर हँग आहे' म्हटलं की माणूस चहा पिऊन निघून जायचा. परवा एक निर्माते सहाव्या बदलासाठी आले, तेव्हा मी लाइट गेली म्हणून सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, डोक्यावरच्या लख्ख ट्यूबलाइटकडे फक्त पाहत राहिले.