काकांना काहीच ठाऊक नाही

जुना फ्लॅट विकायला काढलेले काका कोथरूडमध्ये भेटतात, डोंबिवलीत भेटतात, नाशिकच्या कॉलेज रोडलाही भेटतात. इमारत 1980 च्या आगेमागे बांधलेली. तिच्याबद्दल त्यांना ठाऊक नाही असं काही नाही. सिमेंट कंट्रोलवर मिळायचं तेव्हा बिल्डरने गोण्या कुठून आणल्या, जिन्याचा कठडा कोणी सुचवला, डिसेंबरात ऊन कोणत्या खिडकीतून किती वाजता येतं, सगळं तोंडपाठ. अज्ञान सुरू होतं ते थेट बाथरूमच्या उंबरठ्यापाशी.

"काका, भिंतीत पाइप कुठले आहेत?"

"पाइप ना? आहेत की!"

पाइप जीआयचे आहेत. त्या काळात दुसरं काय घालणार? सीपीव्हीसी आपल्याकडे आलं ते नव्वदचं दशक सरता सरता. जीआयच्या पाइपावरचा जस्ताचा थर वर्षानुवर्षं झिजत जातो, मग आतलं लोखंड गंजतं, गंज आतल्या आत साठतो आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात पाण्याला पेन्सिलीएवढी वाट उरते. गीझरची लाइन त्याहून लवकर जाते. "पण बाथरूम पूर्ण रिनोव्हेट केलंय हं!" काका म्हणतात. केलंय, खरंच केलंय. टाइल्स नव्या, कमोड नवा, वॉल मिक्सर चकचकीत. पाइप तेवढे जुने, कारण पाइप पाहुण्यांना दिसत नाहीत.

काका खोटं बोलत नाहीत, हे इथेच सांगायला हवं. संस्कारी माणूस आहे. शिवाय त्यांच्या वकील भाच्याने त्यांना मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 समजावून सांगितला आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. काकांनी त्यातला "ठाऊक असलेला" एवढाच भाग मनावर घेतला. त्या दिवसापासून ते बाथरूममध्ये वर बघत नाहीत, आणि प्लंबर आला की गॅलरीत पेपर वाचत बसतात. प्लंबर काय म्हणाला ते काकूंना ठाऊक असतं, पण खरेदीखतावर काकूंचं नाव नाही.

तयारी मात्र चोख. फ्लॅट बघायला अकराच्या आधी यायचं नाही. रात्रभर पाइपात मुरलेलं पाणी सकाळी पहिल्या धारेला चहाच्या रंगाचं येतं. ते काकांनी साडेदहापर्यंत बादल्यांनी सोडून दिलेलं असतं. बेडरूमच्या भिंतीला पोपडे धरले होते, तिथे पुट्टी आणि रंग. त्यातूनही ओल डोकावली म्हणून गोदरेजचं कपाट. तुम्ही कपाटाच्या बाजूने वाकून बघितलंतच तर काका शांतपणे सांगतात, "ते पावसाळ्याचं आहे हो." एप्रिल चालू असतो. बाहेरून आलेली ओल उन्हाळ्यात सुकते, पाइपाची बारा महिने नांदते. पण एप्रिलमध्ये पावसाळ्यावर वाद घालणं मराठी माणसाला जड जातं आणि आपण मान डोलावून स्वयंपाकघराकडे वळतो.

खरी माहिती एका मजल्याखाली मिळते. बाथरूमचा कोबा वर असला तरी गळती दिसते खालच्यांच्या छताला. म्हणून काका तुम्हाला गच्ची दाखवतील, पार्किंग दाखवतील, गणपती बसवायची जागासुद्धा दाखवतील, पण खालच्या मजल्यावर लिफ्ट थांबू देणार नाहीत. खालच्या वहिनींशी बोलणं बंद आहे. कारण विचारलंत तर "स्वभाव" म्हणतात. वहिनींकडे छताखाली बादली आहे आणि कमिटीकडे त्यांच्या अर्जांची फाइल. फ्लॅटच्या आतली गळती ज्याची त्याने निस्तरायची, असं सोसायटीचे उपविधी सांगतात. काका स्वतः दोनदा सेक्रेटरी होते, तेव्हा त्यांनी हा नियम दुसऱ्यांना फार बाणेदारपणे वाचून दाखवला होता.

हेच काका बाणेरला मुलाच्या शेजारी फ्लॅट घ्यायला जातात तेव्हा बघावेत. खिशात टॉर्च. सगळे नळ एकदम सोडून गीझरच्या नळाची धार बारीक होते का बघतात, सिंकखालच्या कपाटात डोकं घालून अँगल कॉकचा वास घेतात, नाण्याने टाइल्स ठोकून कुठली पोकळ वाजते ते कान लावून ऐकतात. आणि मालकाने तोंड उघडायच्या आत खालच्या मजल्याची बेल वाजवून आलेले असतात.

त्यांचा स्वतःचा फ्लॅट शेवटी विकला जातो. साठेखतात "आहे त्या स्थितीत" हे शब्द भाच्याने घातलेले असतात. किल्ल्या देताना काका नव्या मालकाच्या हातात वीजबिल ठेवतात, गॅसचं पुस्तक ठेवतात, आणि डायरीतलं एक पान फाडून देतात.

"प्लंबरचा नंबर. असू द्या जवळ. आपलं घर सांगा फक्त, रात्री दोनला पण येतो. पत्ता विचारत नाही."