परत एकदा दाखवतो

कुलूप पहिल्यांदा उघडते तोवर कोणाची काही तक्रार नसते. बघणारे 'अरे वा' म्हणतात, कोणी चहा पुढे करतो, आणि गोष्ट खरे तर तिथेच संपायला हवी. पण कुलूपवेडा माणूस चहाकडे बघत नाही. तो कुलूप दाबून पुन्हा बंद करतो, चष्मा नाकावर सरकवतो आणि म्हणतो, "योगायोग वाटेल तुम्हाला. परत एकदा दाखवतो." हे वाक्य त्याचे स्वतःचे नाही. यूट्यूबवर 'लॉकपिकिंग लॉयर' या नावाने व्हिडिओ करणारा एक अमेरिकन वकील कुलूप उघडून झाले की ते नशिबाने उघडले नाही हे पटवायला बहुधा दुसऱ्यांदाही उघडून दाखवतो. त्याचा अख्खा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत आटोपतो, म्हणून त्याला ते शोभते. आपल्या कुलूपवेड्याचा पहिलाच प्रयोग पाऊण तास चाललेला असतो, आणि तोही पारदर्शक प्लॅस्टिकच्या सरावाच्या कुलपावर, ज्याच्या आतले सगळे शेजारच्या काकूंनाही चष्म्याशिवाय दिसते. पुढे ही खोड कुलपापुरती राहत नाही. गाडी एका दमात पार्किंगमध्ये नीट बसली की तो ती बाहेर काढून पुन्हा लावतो. विनोदाला लोक हसले की तोच विनोद लगेच पुन्हा सांगतो. लग्नात वधूने टाकलेला हार पहिल्याच फटक्यात गळ्यात पडला तेव्हा तो गप्प राहिला, त्याचे कारण एवढेच की तेव्हा यूट्यूब नव्हते.

या माणसाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुढेही होईल. तरी माझे म्हणणे असे, की त्याच्या छंदातला जो भाग आपल्याला सर्वांत नकोसा वाटतो, त्यातच त्या छंदाचे सगळे मोल आहे. ते पटायला आधी हा मनुष्य करतो काय ते बघितले पाहिजे. दाराच्या लॅचमध्ये पाच-सहा पिनांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीवर एक स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या जोड्यांमधल्या फटी एका रेषेत येतात आणि मधले नळकांडे फिरते. लाकडी पिनांची अशी कुलपे प्राचीन इजिप्तमध्ये होती. धाकट्या लायनस येलने 1861 मध्ये अमेरिकेत त्यांच्या धातूच्या अवताराचे पेटंट घेतले. पिनांची भोके कागदावर सरळ रेषेत असतात, पण कारखान्यात ती केसभर इकडेतिकडे पडतातच. त्यामुळे नळकांड्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती हुकाने अलगद उचलली की बारीकसा 'टक्' होतो, नळकांडे कळेल न कळेल इतके सरकते आणि मग दुसरी अडकते. रात्री अकरा वाजता हा माणूस दिवाणखान्यात डोळे मिटून "तीन नंबर धरतेय, तीन नंबर धरतेय" असे पुटपुटतो, त्याचा अर्थ एवढाच. घरच्यांना तो जप वाटतो. पण ही सारी विद्या कुणा कारागिराच्या केसभर चुकीवर उभी आहे, आणि ती चूक बोटाने वाचायला तो 'टक्' ऐकू येईल इतकी शांतता लागते. ती मिळाली नाही की तो टीव्हीचा आवाज कमी करायला सांगतो. तिथून भांडण सुरू होते.

पहिला आक्षेप शिकवणीचा आहे. गुरूशिवाय विद्या म्हणजे काय, आणि मोबाइलवरचा अनोळखी माणूस गुरू कसा? या आक्षेपाचे उत्तर कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरला आहे. तंजावर-कुंभकोणमच्या देवळांच्या सहलीत हा कुलूपवेडा हटकून असतो, आणि गाभाऱ्याआधी त्याची नजर हुंडीच्या कुलपावर जाते. 1799 पर्यंत तंजावरच्या भोसल्यांकडे असलेल्या या मुलखात इन्नंबूरचे शिवमंदिर लहानसे असले तरी शैव संतकवी अप्परने त्यावर पदे रचली आहेत. इथला देव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा. लोक मुलांना अक्षरओळखीसाठी इथे आणतात. कथा अशी, की देवळाच्या कारकुनाचे हिशेब चोळ राजाला पटेनात. कारकून देवाला शरण गेला. तेव्हा शंकर त्याच कारकुनाचे रूप घेऊन राजापुढे उभा राहिला आणि सगळा हिशेब त्याने उलगडून दाखवला. राजाला शिकवणाऱ्याचा खरा चेहरा कळलाच नाही, हिशेब मात्र कळला. कुलपांच्या व्हिडिओतही चेहरा नसतो. दोन हात, एक कुलूप आणि एक आवाज असतो. चेहऱ्यावाचून शिकणे म्हणजे बुडाले, असे इन्नंबूरच्या देवासमोर तरी कोणी म्हणू नये. दाखला जवळचाच हवा तर रामानुजन आहे. तो कुंभकोणमलाच वाढला, 1903 च्या सुमारास हाती आलेल्या कार नावाच्या इंग्रज शिकवणीवाल्याच्या पुस्तकातून गणित शिकला. त्या पुस्तकात हजारो सिद्धांत होते, सिद्धता मात्र फारशा नव्हत्या. पुढे 1913 मध्ये केंब्रिजच्या हार्डीला त्याची पत्रे गेली तेव्हा हार्डीने थक्क होऊनही सिद्धता मागितल्या. उत्तर बरोबर आहे हे पुरेसे नव्हते, ते कसे आले हे दाखवायचे होते. 'परत एकदा दाखवतो' ही मागणी समोरच्याने केली की तिला शास्त्र म्हणतात. आपण होऊन दाखवले की मात्र लोक घड्याळ बघतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: हे व्हिडिओ बघून चोर शिकतील. मराठी वर्तमानपत्रातल्या घरफोडीच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आक्षेप टिकणारा वाटणार नाही. 'बंद घराचा कडीकोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी' या शब्दांनी त्या बातम्या वर्षानुवर्षे सुरू होतात. 'पाच पिना एकेक करून बसवून' असे कोणी वाचलेले नाही. चोराला वेळ नसतो, त्याला कटावणी पुरते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक हा एकच चोर असा, की भिंतीला भोक पाडताना ते उमललेल्या कमळाच्या आकाराचे करावे की चंद्रकोरीच्या, याचा विचार करतो आणि मोजायला दोरी आणायची राहिली म्हणून जानवे वापरतो. आपल्या कुलूपवेड्याचे आणि त्याचे गोत्र एक असावे. पण एवढ्या रसिकालाही एक गोष्ट परवडणारी नव्हती: नाटकाचा नायक चारुदत्त याच्या भिंतीतले भोक बुजवून 'परत एकदा दाखवतो' म्हणणे. चोर आणि छंदी यांच्यातली रेघ इथे पडते. चोराचे काम एकदाच होते आणि कोणी बघत नसताना होते, तर छंदी माणसाचे काम बघणाऱ्यांनी हात जोडल्याशिवाय संपत नाही. जगभरच्या कुलूपछंदींनी स्वतःला दोन नियम घालून घेतले आहेत: जे कुलूप आपले नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्यालाही नाही. कायदा मात्र छंद ओळखत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 च्या कलम 122 प्रमाणे सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत घरफोडीचे हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. चष्म्याच्या जुन्या डबीतले सहा हुक हे हत्यार की छंद, याचा निकाल त्या रात्री नाक्यावर उभा असलेला हवालदार देणार, आणि त्याच्यापुढे 'परत एकदा' म्हणू नये हे शहाणपण प्रत्येकाकडे असतेच असे नाही.

तिसरा आक्षेप उपयोगाचा आहे, आणि इथे मी कुलूपवेड्याची बाजू फारशी घेऊ शकत नाही. तो शिकतो अमेरिकन कुलपांवर आणि राहतो भारतात. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपे करायला घेतली तेव्हापासून आपल्या दारांवर, कपाटांवर आणि दुकानांच्या शटरवर लिव्हरची कुलपे लटकत आली आहेत. त्यांत पिना नसतात. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांना वेगळीच अवजारे लागतात. तमिळनाडूतल्या दिंडिगुलची हातघडणीची कुलपे तर याच कुळातली. 2019 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातले आंब्याच्या आकाराचे कुलूप बघितले की कुलूपवेडा ते विकत घेतो, महिनाभर घरात कोणाशी बोलत नाही आणि शेवटी ते पेपरवेट म्हणून वापरतो. घरचे दार खरोखर ओढले गेले आणि किल्ली आत राहिली की तो बराच वेळ वाकून बघतो आणि "हे त्या प्रकारातले नाही" असा निर्णय देतो. मग सौ. नाक्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावतात. तो येतो, मोजून दोन मिनिटांत दार उघडतो, ठरलेले पैसे घेतो. सगळे सुटकेचा श्वास टाकत असताना मागून आवाज येतो, "भाऊ, परत एकदा दाखवता का?" किल्लीवाला सामान पिशवीत टाकत म्हणतो, "साहेब, परत उघडायचं तर परत पैसे."

तरीही किल्लीवाल्याचे शहाणपण आणि कुलूपवेड्याचे वेड यांत जगाने शिकावे असे काही असेल तर ते वेडात आहे. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने चब कंपनीचे प्रसिद्ध कुलूप सुमारे 25 मिनिटांत उघडले आणि लगेच ते पुन्हा लावूनही दाखवले. त्यानंतर त्याने ब्रामा कंपनीचे कुलूप हातात घेतले, जे उघडणाऱ्याला 200 गिनी देऊ अशी पाटी दुकानाच्या खिडकीत कित्येक दशके लटकत होती. सोळा दिवसांत मिळून 51 तास खपून त्याने ते उघडले. पंच तेवढ्यावर समाधानी नव्हते. हॉब्जने त्यांच्यासमोर ते पुन्हा लावून पुन्हा उघडले, आणि मग मूळ किल्लीने ते पूर्वीसारखेच चालते याची खात्री करून घेतली गेली. कुलूप मोडले नव्हते, उलगडले होते; हा फरक दुसऱ्या खेपेशिवाय कोणाला कळलाच नसता. तेव्हाही चोरांना शिकवता म्हणून ओरड झाली. पण चोरांना ठाऊक असलेली गोष्ट फक्त मालकापासून लपवून ठेवण्यात कोणाचे भले, हा हॉब्जच्या बाजूचा युक्तिवाद आजही खोडता आलेला नाही. अर्थात मालकाला तो आवडतोच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला रिचर्ड फाइनमन हा पदार्थवैज्ञानिक अणुबॉम्बची कागदपत्रे ठेवलेली कपाटे गंमत म्हणून उघडून दाखवत असे. त्याने अशाच दुसऱ्या एका केंद्रातल्या बड्या अधिकाऱ्याला धोका समजावून सांगितला. त्यावर कपाटे बदलली गेली नाहीत. फाइनमन खोलीत येऊन गेला असेल तर आपले अंक बदला, असा फतवा निघाला. दोष दाखवणाऱ्यालाच दोष समजण्याची ही रीत आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

आता कबूल करायला हरकत नाही, की या माणसाबद्दल मला थोडी आपुलकी वाटते. गुण, प्रमाणपत्र, पगारवाढ यांतले काहीही पदरात पडणार नाही हे ठाऊक असताना तो महिना महिना एक लोखंडी गोष्ट कानाशी धरून बसतो. त्याला टाळी नको असते. आपल्या टाळीवर त्याचा विश्वासच नसतो. आपण सारे एकदाच घडणाऱ्या गोष्टींना टाळ्या देणारे. हातातून अंगारा काढणारा बाबा, वर्षात पैसे दुप्पट करून देणारी योजना, फीत कापून झालेले उद्घाटन, या सगळ्यांचे बळ त्या पहिल्या खेपेत असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षे चमत्कार करणाऱ्यांना आव्हान देते आहे, ते तरी काय असते? आमच्यासमोर, आमच्या अटींवर परत एकदा दाखवा. त्या आव्हानाला सामोरे जायची तयारी कोणी न सांगता, चहा गार करून, प्लॅस्टिकच्या कुलपासह दाखवणारा माणूस आपल्या घरात आहे आणि आपण त्याला उठून जायला सांगतो.

आणि तो बिचारा ज्या दारावर पहारा देतो आहे तिथूनच चोरी होते असेही आता राहिलेले नाही. आजचा चोर फोन करून ओटीपी विचारतो आणि आपण आपल्याच तोंडाने तो सांगतो. पुढच्या वेळी कुलूपवेडा हुकांची डबी काढील तेव्हा त्याला एकच विचारा: आमच्या दारात सर्वांत कच्चे काय आहे? तो खरे सांगेल. कुलूप नव्हे, कोयंडा. तो अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर उभा असतो. ते काढून आरपार जाणारे बोल्ट बसवून घ्या, आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.