गच्चीवरचा वसंत

वसंताला ऋतुराज म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी कुरडया घातल्या नसाव्यात. निदान पुण्यात तरी नसाव्यात. फाल्गुन सरत आला की आमच्या घरातलं कॅलेंडर सण-वारांसाठी नव्हे, तर वाळवणासाठी बघितलं जातं, आणि सासूबाईंची नजर जमिनीवरून उठून जी आभाळाला लागते ती थेट रोहिणी नक्षत्रापर्यंत खाली येत नाही.

राजा म्हटला की लहरीपणा आलाच, पण या राजाला सकाळचं दुपारी आठवत नाही. मार्चच्या सुरुवातीला पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास असतो, दुपारी ३५ ओलांडून जातो. एकाच दिवसात २० अंशांचा फरक! वेताळ टेकडीवर सहाला चढणारे लोक स्वेटर, कानटोपी आणि मफलर अशा बंदोबस्तात जातात. साडेआठला तेच लोक उतरतात तेव्हा स्वेटर कमरेला, टोपी खिशात आणि मफलर घाम पुसायला. खाली आल्यावर उसाच्या रसवाल्याला ‘बर्फ जास्त घाल रे’ असं बजावतात आणि रात्री घसा बसला की ‘हवा बदलली ना’ म्हणून हळद-दुधाची फर्माईश करतात. बर्फाचं नाव कोणी काढत नाही. हवा बिचारी उलटून बोलत नाही, त्यामुळे तिच्यावर काहीही ढकलता येतं.

कुरडईचं दुखणं मात्र खरंच हवेचं आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळत ठेवायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग हिंग-मिठाच्या आधणात घोटून गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. म्हणजे गव्हावर पाणी ओतलं त्याच क्षणी पाचव्या दिवसाच्या आभाळाची हमी घेतल्यासारखं झालं. शेअर बाजारात मुरलेली माणसंही इतकी जोखीम घेत नाहीत. आणि बाजार पडला तर शेअर निदान ठेवून देता येतात. चीक ठेवून दिला तर संध्याकाळपर्यंत शेजारी विचारायला येतात.

या उद्योगात माझ्याकडे राखणीचं खातं आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची, हातात काठी, मांडीवर वर्तमानपत्र, आणि आगाऊ मानधन म्हणून वाटीभर गरम चीक, दूध-साखर घालून. समोर जुन्या साडीवर ओळीने मांडलेल्या कुरडया. कावळ्यांना भीती म्हणून कडेला उघडी काळी छत्री ठेवायची असते. आमच्याकडचे कावळे त्या छत्रीच्या सावलीत बसून माझा डोळा कधी लागतो याची वाट पाहतात.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला सिंहगडाच्या बाजूला एक ढग दिसतो. छोटा, पांढरा, निरुपद्रवी. अशा ढगाकडे बघून ‘छे, हा नाही पडायचा’ असं म्हणू नये, तो ऐकतो. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरून आलेलं बाष्प सोबत नेते, आणि पाहता पाहता त्या ढगाचा १२-१५ किलोमीटर उंचीचा मनोरा उभा राहतो. वर इतकी थंडी असते की पाण्याच्या गारा होतात. बरं, पाऊस एकटा येत नाही. ढगातून कोसळणाऱ्या सरींनी गार झालेली हवा आधी धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी दिशांना पळत सुटते. तिच्यासोबत शेजारच्या बांधकामाची वाळू, कोणाचे तरी मोजे आणि अर्ध्या पेठेचा कचरा येतो. त्यामुळे वळीव दोन गल्ल्या पलीकडे पडला तरी आमच्या कुरडया करकरीत होतात त्या होतातच.

वारा सुटला की इमारतीत दारं आपटतात आणि त्या आवाजावर सगळा महिला वर्ग गच्चीकडे धावतो. ‘अहो, बघत काय बसलात, कोपरा धरा!’ साडीचे चार कोपरे चौघांनी धरायचे, ती मध्ये झोळ पडू न देता जिन्यातून वळवायची. जिना ज्या वास्तुविशारदाने काढला त्याच्या घरी वाळवण होत नसणार. मग त्या अर्धओल्या कुरडया पलंगावर, सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर पसरतात, पंखे पाचावर जातात आणि आम्ही उभ्याने चहा पितो. तेवढ्यात हमखास लख्ख ऊन पडतं. सासूबाई माझ्याकडे बघतात. जणू ऊनही माझ्याच खात्यात आहे.

‘हवामान खातं काय सांगत होतं?’ असा प्रश्न मग विचारला जातो. या बाबतीत मी खात्याच्या बाजूचा माणूस आहे. एक तर ते आमच्या गावचं आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आम्ही अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतो. एप्रिलच्या उन्हात बसमधून उतरताना ‘सिमला ऑफिस’ असं ओरडण्यात जो गारवा आहे, तो इतर कोणत्याही शहराला परवडणारा नाही. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. पुणेकरांच्या सूचनांना कंटाळून गेलं असावं, असा माझा कयास आहे. कागदपत्रांत तसं कोणी लिहिणार नाही.

दुसरं म्हणजे खातं स्पष्ट सांगतं: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. खात्याच्या हिशेबात विभागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस झाला की तो ‘तुरळक’. पण सासूबाईंचं म्हणणं, आमची गच्ची दरवर्षी त्याच चतुर्थांशात कशी? हे त्यांना ‘ठरवून केलेलं’ वाटतं. यावर शास्त्राकडे उत्तर नाही आणि माझ्याकडे हिंमत नाही.

वाळवण न करणारेही यातून सुटत नाहीत. हल्ली लग्नं लॉनवर असतात. मंगल कार्यालयात छप्पर असतं ही जुन्या लोकांची दूरदृष्टी कोणाला नको. गेल्या वैशाखातल्या एका लग्नात अंतरपाट वाऱ्याने उडाला आणि नवरा-नवरीने एकमेकांना मुहूर्ताच्या आधीच पाहिलं. गुरुजी प्रसंगावधानी, त्यांनी मुहूर्त चार मिनिटं अलीकडे ओढला. अक्षतांबरोबर गाराही पडल्या. वऱ्हाड ताटं घेऊन स्टेजवर चढलं, त्यामुळे त्या जोडप्याच्या प्रत्येक फोटोत मागे कोणीतरी मठ्ठा पितंय. एका काकांनी डोक्यावर ताट धरलं होतं, त्यातली जिलबी मात्र आधी संपवली होती. संकटात माणसाचा क्रम असा ठरलेला हवा.

या सगळ्यात एकच भरवशाचं साधन आम्हाला सापडलं: तळमजल्यावरचे आजोबा. रोज सकाळी पायरीवर बसून, गुडघ्यावर हात ठेवून, ते त्या दिवसाचा निकाल देतात, आणि तो हमखास उलटा ठरतो. ‘आज थेंब पडायचा नाही’ म्हणाले की छत्र्या निघतात. ‘आज धो धो’ म्हणाले की सासूबाई लगबगीने साबुदाणा भिजवतात. गेली काही वर्षं अख्ख्या इमारतीच्या पापड्या, सांडगे आणि बटाट्याचा कीस त्यांच्या गुडघ्यावर निर्धास्त वाळत आले. पण परवा कोणाच्या तरी नातवाने त्यांना हे सांगून टाकलं. आता ते विचारलं की आधी नुसतं हसतात, ‘तुम्हाला काय ऐकायचंय?’ म्हणतात आणि मग उत्तर देतात. ते मुद्दाम उलटं सांगतात की उलट्याचं उलटं, यावर काल जिन्यात बायकांची बैठक झाली. निर्णय झालेला नाही. गहू मात्र भिजलेत.