तपासलेला पेपर कोणाचा?

परीक्षेचा पेपर मूल लिहितं, बाई तपासतात, शाळा कपाटात ठेवते आणि त्याच्यावरून भांडण घरी होतं. एवढे हात लागलेल्या त्या कागदाचा मालक कोण, हे मात्र अजून नीट ठरलेलं नाही.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. घटक चाचणीचे पेपर वर्गात दाखवायचे, तेही फक्त मुलांना. सर गठ्ठा घेऊन यायचे, सुतळी सोडायचे आणि हजेरी क्रमांकाने एकेकाला पुकारायचे. मग तास संपेपर्यंत वर्गात नुसत्या बेरजा चालत. बेरीज कमी भरली की मुलगा टेबलाकडे धावायचा. जास्त भरली की तोच मुलगा खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड बघत बसायचा. पेपर पुन्हा गोळा, पुन्हा सुतळी. आईवडिलांपर्यंत पोचायचं ते फक्त प्रगतिपुस्तक, आणि त्यावर सही घेण्याची वेळ साधणं ही स्वतंत्र विद्या होती. वडिलांची लोकल चुकायला आली आहे, एका पायात बूट आहे, दुसरा सापडत नाही, अशा क्षणी पुस्तक आणि उघडलेलं पेन एकदम पुढे करायचं. कुठल्या विषयाखाली लाल रेघ आहे हे त्यांना संध्याकाळी आठवायचं, तोवर पुस्तक शाळेत जमा झालेलं असायचं.

तपासलेला पेपर वाचायला मिळण्याची पालकांसाठी तेव्हा एकच खात्रीची जागा होती, भेळवाला. शाळेची रद्दी त्याच्याकडे यायची. माझ्या वडिलांनी एकदा भेळ संपल्यावर पुडी उलगडून कोणा अनोळखी मुलाचा इतिहासाचा पेपर चिंचेच्या डागांसकट शेवटपर्यंत वाचला आणि ‘याला दीड गुण कमी दिलाय’ असा निकाल दिला. माझा पेपर त्यांनी जन्मात पाहिला नाही.

आता ‘ओपन हाऊस’ असतं. शनिवारी सकाळी शाळेत जायचं, मुलाच्या बाकावर बसायचं (गुडघे बाकाखाली मावत नाहीत, ते वाटेत ठेवावे लागतात) आणि बाई देतील तो गठ्ठा बाई देतील तेवढ्या वेळात बघायचा. आमच्या शाळेत पेपर घरी न्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. वर्गभर पालक, सगळे विषय, आणि बाराला कुलूप. त्यामुळे तिथे वाचत कोणी नाही, सगळे शोधतात. माझा नवरा बँकेत आहे. तो उत्तरांकडे बघतच नाही. मागच्या पानावरचे गुण पुढच्या पानावर नीट ओढलेत का, पुरवणीचे धरलेत का, एवढंच तपासतो आणि सगळं जुळलं की थोडा नाराज होतो.

शेजारच्या बाकावरच्या आई वेगळंच शोधत असतात. आपल्या मुलीचे गुण त्यांना पाठ असतात. त्यांना माझ्या मुलाचे हवे असतात. ‘कारणे द्या’मध्ये दोघांनी तेच कारण दिलं, मग त्याला दोन आणि हिला दीड कसा? ‘तसं काही नाही हो, सहज विचारलं.’ अर्ध्या गुणाबद्दल या महाराष्ट्रात आजवर कोणी सहज विचारलेलं नाही. एक गृहस्थ मात्र दर वेळी येतात, गठ्ठ्याची सुतळीही न सोडता बाईंना विचारतात, ‘डबा संपवतो का तो?’ बाई सगळ्यांत जास्त वेळ त्यांच्याशी बोलतात.

पेपर घरी का देत नाही, असं मी बाईंना एकदा विचारलं. पूर्वी देत होतो, त्या म्हणाल्या, पण परत येईपर्यंत पेपराची फार प्रगती व्हायची. गाळलेल्या जागा भरलेल्या असायच्या, जोड्या जुळलेल्या असायच्या, वर ‘बाई, हे तुमच्या नजरेतून सुटलं’ अशी नम्र चिठ्ठी. एकदा तर शिकवणीच्या सरांनी हिरव्या शाईने बाईंचंच तपासणं तपासून पाठवलं होतं. बाईंची बाजू मला पटते. निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं उरकून त्या रात्री जेवणं झाल्यावर लाल पेन हातात घेतात. ‘रीत लिहिली नाही’ हे पन्नासाव्यांदा लिहिताना अक्षर थोडं तिरकं जाणारच.

आणि तरी त्या शनिवारी मला जे दिसलं, त्यासाठी मी पुन्हा गुडघे वाटेत ठेवून बसेन.

मराठीच्या पेपरात ‘वाक्यात उपयोग करा’ होतं. वाक्प्रचार: नाकी नऊ येणे. आमच्या चिरंजीवांनी लिहिलं होतं, ‘आजी गावाहून आली की आईच्या नाकी नऊ येतात.’ पुढे लाल पेनाची ठसठशीत बरोबरची खूण, पूर्ण गुण. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं, त्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती. निबंध होता ‘माझे बाबा’. ‘माझे बाबा खूप कष्टाळू आहेत. ते सुट्टीच्या दिवशीसुद्धा सोफ्यावर आडवे पडून फोनवर ऑफिसचं काम करतात. त्या कामात मधूनच चौकार लागतो.’ शेजारी बाईंचा शेरा: ‘निरीक्षण चांगले.’ अर्धा गुण वसूल करायला आलेल्या नवऱ्याने गठ्ठा हलकेच मिटला. आम्हाला वाटत होतं, आम्ही शाळेच्या कारभारात डोकावतोय. बाई जूनपासून आमच्या घरात डोकावत होत्या, आणि त्यांनी कुठे वाच्यता केली नव्हती.

गणिताचा पेपर हसण्यासारखा नव्हता. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. खाली तसंच दुसरं, पलीकडच्या पानावर तिसरं. वरच्याला वरचा, खालच्याला खालचा मिळवायचा, अशी त्याने स्वतःची रीत काढली होती आणि ती तिन्ही ठिकाणी मन लावून पाळली होती. त्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाही असं नव्हतं. येते अशी त्याची खात्री होती. प्रगतिपुस्तकात यातलं काही नसतं. तिथे वीसपैकी चौदा असतात, आणि चौदा ऐकून आम्ही ‘अजून मेहनत घे’ म्हणालो असतो. त्याने मेहनत घेऊन तीच बेरीज आणखी वेगाने केली असती. २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, गुणांच्या जागी अ-१, ब-२ अशा श्रेणी आल्या, सोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना चांगलीच होती. पण ‘वर्गात इतरांना मदत करतो’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष देणे आवश्यक’ अशा तयार नोंदींच्या याद्या इतक्या हातांतून फिरल्या, की सगळा महाराष्ट्र इतरांना मदत करतो आणि शुद्धलेखनाकडे लक्ष देत नाही, असं कोणालाही वाटावं. दोन पंचमांशाची नोंद कुठल्याच यादीत नव्हती. ती फक्त पेपरात होती, आणि पेपर कपाटात.

गंमत अशी, की मोठ्या परीक्षेचं कपाट केव्हाच उघडलेलं आहे. २००८ सालच्या दहावीच्या परीक्षेत एका विद्यार्थ्याला गुण मनासारखे पडले नाहीत, म्हणून त्याने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडे आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मागितली. मंडळ नाही म्हणालं. कलकत्ता उच्च न्यायालय हो म्हणालं. प्रकरण दिल्लीला गेलं आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की माहिती अधिकाराच्या कायद्याखाली परीक्षार्थीला तपासलेली उत्तरपत्रिका बघता येईल, प्रतही घेता येईल. कारण मोठं मजेदार आहे. तपासलेल्या उत्तरपत्रिकेत परीक्षकाचं मत नोंदलेलं असतं, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मत हीसुद्धा माहितीच. म्हणजे वीसपैकी चौदा हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या लेखी बाईंचं एक मत आहे. ही गोष्ट शाळेतच कोणी सांगितली असती, तर माझ्या कितीतरी संध्याकाळी सुखाच्या गेल्या असत्या.

त्याच निकालात न्यायालयाने परीक्षकाचं नाव मात्र झाकून ठेवायला सांगितलं, कारण ते कळलं तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. हे अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी एकदा आमच्या ओपन हाऊसला येऊन बसावं. आणि माहिती मागणाऱ्यांनाही तिथेच समज दिली: सरकारी कर्मचाऱ्यांपैकी पंचाहत्तर टक्के लोकांनी आपला पंचाहत्तर टक्के वेळ माहिती पुरवण्यातच घालवावा, असं देशाला नको आहे. आमच्या बाईंनी हे वाक्य वर्गाच्या दारावर लावायला हरकत नाही.

आपल्या राज्य मंडळातही निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. अलीकडच्या वर्षांत त्यासाठी विषयाला ४०० रुपये पडतात. ती हातात आल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. उत्तम सोय आहे. पण क्रम बघा. दहावी-बारावीत, जेव्हा त्या उत्तरांचं कोणी काही करू शकत नाही, तेव्हा पैसे भरून पानन् पान घरी येतं. पाचवीत, जेव्हा दोन पंचमांश एका रविवारी पोळीचे तुकडे करून सुधारता येतं, तेव्हा पेपर बाकावर काही मिनिटं दिसतो आणि सुतळीत जातो. हे उफराटं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. (मत हीसुद्धा माहितीच.)

बघण्याचा हक्क नक्की कोणाचा, यावर अमेरिकेने बराच खल केलेला आहे. तिथे १९७४ पासून कायदा आहे: मूल शाळेत असेपर्यंत त्याची शैक्षणिक नोंद बघण्याचा हक्क आईवडिलांचा. ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासो गावात मुलं एकमेकांचे पेपर तपासत आणि गुण मोठ्याने सांगत. आपल्याकडे ‘वह्या शेजाऱ्याला द्या’ म्हणतात, तेच. एका आईने त्यावर खटला भरला, आणि तो थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. २००२ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की शेजाऱ्याने तपासल्याने कायदा मोडत नाही. आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्यांच्या शेजाऱ्यांना, विशेषतः दोस्तीखातर चूक न बघणाऱ्यांना, हा निकाल कोणी कळवला नाही.

त्याच कायद्याचं दुसरं टोक मात्र ठाणे-पुण्यातल्या घरांत जाणवतं. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं, की तो हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो. माझ्या एका मैत्रिणीने घर गहाण टाकून मुलाला तिकडे एमएसला पाठवलं. पहिलं सत्र संपल्यावर गुण विचारायला तिने विद्यापीठाला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, मुलाची लेखी संमती आणा. ती आठवडाभर धुमसत होती: फी माझी, कर्ज माझं, आणि संमती त्याची! मला त्या उत्तराचा मनातून आनंद झाला, हे तिला मी सांगितलेलं नाही.

कारण आपण नेहमी पालकांचा हक्क म्हणतो आणि शाळेशी भांडतो. दिल्लीच्या निकालातला हक्क परीक्षार्थीचा आहे. ज्याने लिहिलं त्याचा. माझ्या मुलाला त्याचा गणिताचा पेपर वर्गात दाखवला होता तेव्हा त्याने काय केलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘बेरीज केली, बरोबर होती.’ तीन फुल्या त्याने पाहिल्या होत्या, पण त्या का आहेत हे बघायला तास पुरला नव्हता. घरी गेल्यावर बघू म्हणावं, तर पेपर घरी येत नव्हता.

म्हणून मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. पेपर दोन दिवस घरी द्या. उत्तरं सुधारून येतील अशी भीती असेल, तर गुण आधी रजिस्टरला चढवा आणि मग खुशाल पाठवा. नंतर पेपराने कितीही प्रगती केली तरी बाईंना त्रास नाही. तो पाकिटात घालून पालकांच्या नावे पाठवू नका, मुलाच्या हातात द्या, आणि पहिला दिवस त्याचा त्याला राहू द्या. आणि पालकहो, तुमच्या हाती येईल तेव्हा गुणांची बेरीज शेवटी करा, आधी उत्तरं वाचा. निबंध मात्र सासूबाई घरात असताना मोठ्याने वाचू नका.