कर्नलसाहेब आणि सातवं ग्रीन

निवृत्त झाल्यावर काही माणसं नातवंडांत रमतात, काही सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत लक्ष घालतात. आमच्या कर्नलसाहेबांनी सातवं ग्रीन धरलं. छावणीतला आमचा गोल्फ कोर्स जुना. सातवं ग्रीन मागून पुढे मीटरला पाच सेंटीमीटर उतरतं आणि तिथे साहेबांना पटरचे तीन फटके कधी पुरले नाहीत. ग्रीन कमिटीचं अध्यक्षपद त्यांनी एवढ्याचसाठी पदरात पाडून घेतलं, असं त्यांचे भिडू सांगतात. (भिडूंचं सगळंच खरं मानू नये.)

बैठकीला ते पुराव्यानिशी येतात. काखेत डिजिटल लेव्हल, तोंडी सॅन फ्रान्सिस्कोचा ऑलिंपिक क्लब. "१९९८ची यूएस ओपन! अठराव्या ग्रीनवर पेन स्टुअर्टचा बॉल होलजवळून निसटला, तो थांबेचना. पंचवीसेक फूट खाली! शेवटी एका फटक्याने स्पर्धा गेली बिचाऱ्याची. मग बांधलं त्यांनी ते ग्रीन नव्याने!" स्टुअर्टच्या आणि साहेबांच्या हातात थोडा फरक असावा, हे कोणी काढत नाही. बार उघडायची वेळ झालेली असते.

एक गोष्ट मात्र साहेब गाळतात. स्टिंपमीटर नावाची ती यार्डभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ त्यांनीच अमेरिकेतल्या मुलाकडून मागवली होती. तिच्यावरून सोडलेला बॉल सपाटीवर जेवढे फूट पळेल, तेवढा ग्रीनचा वेग. आमचा होता ८. साहेबांना टीव्हीवरचा ११ हवा होता. मशिनची पाती खाली घेतली, रोलर फिरवले, गवत एका सुतावर आणलं. आता, ८च्या वेगाला पाच टक्के उतारावरही बॉल थांबतो. ११ला तो बराच लांब घरंगळत जातो. उतार होता तेवढाच होता.

माळ्यांच्या मुकादमाने हे तेव्हाच ओळखलं. "साहेब, गवत दीड सुतावर ठिवू. थांबतोय बघा बॉल." साहेब म्हणाले, "माघार नाही."

सध्या सातवं खणून ठेवलंय. तळाला पाइप, त्यावर चार इंच खडी, त्यावर बारा इंच वाळू. पाच टक्क्यांचे दोन करायचेत. अगदीच सपाट केलं तर पावसात पाणी तुंबेल, हेही मुकादमानेच सांगितलं. साहेब सकाळी सहालाच दोरी-खुंट्या घेऊन हजर. वाळूवर गाल टेकवून, एक डोळा मिटून उतार बघतात. उठतात तेव्हा अर्ध्या मिशीला वाळू असते आणि ते सांगायची कोणाची छाती होत नाही.

तोवर सातवा होल फेअरवेवरच्या तात्पुरत्या ग्रीनवर संपतो. ते तळहातासारखं सपाट आहे. तिथेही साहेबांना तीन फटके पुरत नाहीत, म्हणून पुढच्या बैठकीत गवताचा कल हा विषय आहे.

खर्च सभासदांच्या जादा वर्गणीतून वसूल होणार आहे. मुकादमाच्या अर्ध्या सुताला एक रुपया लागला नसता.