दोरीवरची दुपटी

गेल्या आठवड्यात काकूंच्या पडवीत दोरीवर सात-आठ दुपटी वाळत घातलेली दिसली आणि आळीत बातमी फुटली. काकूंची लेक मुंबईला, लग्नाला सहा वर्षं झालेली. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी आपापला हिशेब मांडून टाकला. शेवटी खरं-खोटं करायला मीच गडग्याशी गेले. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये जांभ्याचा कमरेएवढा गडगा आहे, आणि चहाचे कप ठेवून ठेवून त्याचा एक चिरा गुळगुळीत झालाय.

"काकू, डिंकाचे लाडू कधी?"

"कसले लाडू?" काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोरीकडे, आणि कपाळाला हात लावला. "अगं, दुपटी बयोची आहेत!"

बयो म्हणजे काकूंची मांजर. वय वर्षं 14, रंग करडा, स्वभाव सासूचा.

"तिला काय झालं?"

"मूत्राशयात गाठ आहे. म्हणून गळतं तिचं. झोपलेली उठली की खाली ओलं." काकूंनी चहाचा घोट घेतला. "आणि मी बावळट, आधी दोन महिने तिला ओरडत होत्ये. सुपातल्या तांदळात बसली, यांच्या धोतरावर बसली. मला वाटलं, लेक येऊन परत गेली म्हणून रुसून करत्ये. मग एक दिवस पांढऱ्या लादीवर गुलाबी थेंब दिसला."

पहिल्या डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा संसर्ग म्हणून औषध दिलं. आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. दुसऱ्यांनी सोनोग्राफी केली तेव्हा गाठ दिसली. मांजरांत हा प्रकार तसा कमीच, आणि होतो तो बहुधा म्हाताऱ्यांना. लक्षणं हुबेहूब संसर्गासारखी, त्यामुळे ओळखायला वेळ जातो.

"मग सुई घालून तुकडा काढून तपासला का?"

"तेच मी विचारलं, तर डॉक्टर नको म्हणाले. सुईच्या वाटेवर त्या पेशी पेरल्या जाऊ शकतात. लघवीतल्याच पेशी तपासायला पाठवल्या. गाठ मूत्राशयाच्या टोकाला असती तर कापता आली असती, ही बसल्ये नेमकी तोंडाशी. तिथे सुरी चालवायची कशी?"

आता मेलोक्सिकॅमचे थेंब चालू आहेत. त्याने दुखणं कमी होतं आणि या गाठीची वाढही काही काळ रेंगाळू शकते. पण ते किडनीवर ताण देतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं, थेंब वजनावर मोजायचे, पोटात अन्न गेल्यावरच द्यायचे. खाणं सोडलं किंवा उलटी झाली तर औषध थांबवून डॉक्टरांना फोन.

"माझ्याकडे पॅरासिटामोल आहे, गरज पडली तर…" मी आपलं शेजारधर्म म्हणून म्हटलं.

"अगं, गप!" काकूंचा कप चिऱ्यावर आपटला. "एक गोळी म्हणजे खेळ खलास. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. आपल्या गोळ्यांच्या डब्याला हातसुद्धा लावायचा नाही."

मग त्यांनी मला दुपट्यांचं शास्त्र सांगितलं. मेडिकलमध्ये आजारी माणसांच्या बिछान्यावर घालायचे अंडरपॅड मिळतात. बयोच्या टोपलीत तळाला मेणकापड, वर अंडरपॅड, त्यावर सुती दुपटं. दुपटं ओलं झालं की बदलायचं, हे दिवसातून सात-आठ वेळा. तिचा वाळूचा ट्रे उंच काठाचा होता. त्याऐवजी जुनी पसरट परात ठेवली, आणि एक नाही, दोन, कारण घाई लागली की तिला ओटी ओलांडायला वेळ नसतो.

"डायपर नाही घालत?"

"पाहुणे आले की घालत्ये. तान्ह्या बाळाचं सगळ्यात लहान मापाचं आणायचं, शेपटीला भोक पाडायचं आणि भोकाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावायची, नाहीतर आतला जेल बाहेर येतो. तीन-चार तासांत बदलायचं. पण पहिल्या दिवशी घातलं तर बाईसाहेब उलट्या पावली चालायला लागल्या! भिंतीला टेकल्या, मग आडव्या पडल्या, आणि तासभर उठल्या नाहीत."

खरी काळजी कातडीची. लघवी लागून लागून मांड्यांच्या आतली कातडी सोलवटते. काकूंनी शेपटीखालचे केस कातरून घेतलेत. कोमट पाण्याने पुसायचं, दाबून कोरडं करायचं, वर साध्या व्हॅसलीनचा पातळ हात. बाळाच्या रॅशचं क्रीम मुळीच नाही. त्यात झिंक असतं आणि मांजर अंग चाटतंच. लादीला फिनेल नाही. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही नाहीत, त्यातलं फिनॉल तिला विषच.

"आणि पाणी कमी पाजू नको बरं का कधी!" काकू बोट नाचवत म्हणाल्या, जणू मांजर माझीच आहे. "ह्यांनी सुचवलं होतं, कमी पाजलं की कमी गळेल. पाणी तोडलं की किडनी संपली. उलट मी माशाचं बिनमिठाचं पाणी देत्ये."

गळण्यापेक्षा न होणं वाईट, हेही त्यांनीच सांगितलं. ती परातीत बसून कुंथत राहिली आणि थेंबही आला नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. गाठीने वाट बुजली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

"किती दिवस, काकू?"

काकू उठल्या, भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आल्या. दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक आकडा. अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंची मोजणी आहे ती, डॉक्टरांनी शिकवली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का; सातांना प्रत्येकी दहापैकी गुण. बेरीज 35 च्या वर असली की गाडी चालू.

"काल 46. परवा बांगडा आणला होता, तेव्हा 49." काकू थोडा वेळ कॅलेंडरकडेच पाहत राहिल्या. "35 च्या खाली जायला लागली की डॉक्टरांना घरी बोलवायचं, असं आमचं ठरलंय. ह्यांचं आणि माझं. तिच्यासाठी काय बरं ते बघायचं, आमचं रडू बाजूला."

तेवढ्यात बयो पडवीत आली, दोरीखाली बसली आणि उन्हाच्या एका तुकड्यात पाय चाटू लागली. उठली तेव्हा खाली रुपयाएवढं ओलं होतं. काकू काही बोलल्या नाहीत. फडकं उचललं आणि पुसून घेतलं.

तर आळीतल्या समस्त मंडळींना कळवते: लाडू नाहीत. घरात जुनी सुती लुगडी, धोतरं असतील तर मात्र गडग्यावर आणून ठेवा. श्रावण चालू आहे, काकूंची दुपटी वाळत नाहीत.